आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

शेतातून धान्याचे पोते घरी येते, तेव्हा त्याबरोबर मातीचा कसही घरी येतो. पिकाने मुळांवाटे शोषून घेतलेले नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी अन्नद्रव्य दाण्यांत व ताटांत साठलेले असते. दाणे बाजारात जातात, कडबा गोठ्यात जातो आणि जमिनीच्या वाट्याला धसकटे तेवढी उरतात. वर्षानुवर्षे नुसते घेतच राहिले, तर सोन्यासारखी जमीनही निकस होते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

जमिनीचे हे देणे कोणत्या रूपाने फेडावे? शेणखताने, की कारखान्यात तयार झालेल्या रासायनिक खताने? ह्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ साली एक प्रयोग सुरू झाला. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्या दोघांनी एका शेताचे पट्टे पाडून त्यांत गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच खत द्यावयाचे नाही, दुसऱ्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत घालावयाचे, इतरांना निरनिराळी रासायनिक खते द्यावयाची, असे त्यांनी ठरविले. लॉज स्वतः खतांचा कारखानदार होता. तरीही त्याने शेणखताला कसोटीतून वगळले नाही. तो प्रयोग आजही चालू आहे.

बिनखताच्या पट्ट्यात हेक्टरी जेमतेम एक टन गहू येत राहिला. शेणखताचा पट्टा आणि योग्य रासायनिक खतांचा पट्टा ह्यांचे उत्पन्न मात्र शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ सारखेच आले. मग शेणखताचे महत्त्व ते काय राहिले? ह्याचे उत्तर मातीने दिले. शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय द्रव्य इतर पट्ट्यांच्या दुपटीहूनही अधिक झाले. पुढे १९६८ पासून भरघोस उत्पन्न देणारे बुटके गव्हाचे वाण तेथे आले, तेव्हा जेथे शेणखत आणि रासायनिक नत्र ही दोन्ही मिळत होती, तेथील पीक सर्वांत सरस ठरले.

असे का व्हावे? थोडा हिशेब करून पाहू. चांगल्या शेणखतात शेकडा अर्धा भागच नत्र असते, तर युरियात शेकडा ४६ भाग. म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात जेवढे नत्र असते, तेवढ्यासाठी सुमारे चार टन शेणखत हवे. एका बैलगाडीत अर्धा टन खत मावते असे धरले, तरी आठ गाड्या लागतील! एवढे शेणखत किती शेतकऱ्यांपाशी असते? शिवाय त्यातील नत्र पिकाला सावकाश मिळते. झपाट्याने वाढणाऱ्या पिकाची भूक केवळ त्यावर भागत नाही.

परंतु युरियाला जे साधत नाही, ते शेणखत करते. ते मातीचे कण एकमेकांशी बांधून तिला भुसभुशीत बनविते, पावसाचे पाणी धरून ठेवते, जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये पुरविते आणि गांडुळांना व असंख्य सूक्ष्म जीवांना अन्न देते. पाऊस आठ-पंधरा दिवस दडी मारून बसला, तरी अशा जमिनीतील पीक तग धरते.

आपल्या देशात उष्णता अधिक असल्यामुळे मातीतील सेंद्रिय द्रव्य लवकर झिजते. म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० साली देशाच्या निरनिराळ्या भागांत असेच दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे केवळ युरियाच मिळाला, तेथील माती अधिकाधिक आम्ल होत गेली आणि अखेरीस त्यांत मका व गहू जवळजवळ पिकेनासे झाले. उलट, नत्र, स्फुरद व पालाश ह्यांच्या जोडीला शेणखत मिळालेल्या वाफ्यांनी बहुतेक सर्व ठिकाणी भरपूर आणि खात्रीचे उत्पन्न दिले.

दोन्ही खते वापरावयाची ती विचारपूर्वक. शेणखत चांगले कुजलेले असावे. कच्चे खत मातीत कुजू लागले, की त्यातील सूक्ष्म जीव मातीतले नत्र स्वतःच खाऊ लागतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. म्हणून ते पेरणीपूर्वीच मातीत मिसळावे. शेणखत अपुरे असेल, तर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. माती तपासून घ्यावी आणि जे उणे असेल तेवढेच रासायनिक खत द्यावे. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा. नाही तर पिकाच्या मुखी न पडता तो पाण्याबरोबर वाहून जातो व विहिरीचे पाणीही दूषित करतो.

शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि पालापाचोळा बांधावर जाळला जातो, तेव्हा जमिनीच्या तोंडचा घासच हिरावला जातो. तो घास तिला परत मिळाला पाहिजे. आज जे शेत आपल्याला अन्न देते, त्याच शेतावर उद्या आपल्या नातवंडांनाही जगावयाचे आहे.

अभ्यास
१. लॉज व गिल्बर्ट ह्यांनी एका पट्ट्याला मुळीच खत का दिले नसावे?
२. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?’ ही म्हण जमिनीला कशी लागू पडते?
३. दहा टन चांगल्या शेणखतात सुमारे किती किलो नत्र असेल?
४. आपल्या गावात शेण व पालापाचोळा ह्यांचे काय होते, ते पाहून दहा ओळी लिहा.