थंडावा येतो कोठून?

बोरीच्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार का लागते? माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. संगणकाची तापलेली चिप गार करण्याची युक्ती मात्र निराळी. १८३४ साली पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले, की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर सांधा गार होतो. प्रवाह उलटवला की तापतो. आज हे काम अर्धवाहकांची चपटी चकती करते. तिच्या गार बाजूने पाणी थंड करून ते पंपाने चिपवरून फिरवतात.

पण हिशेब पाहा. समजा, गार बाजूने ६० वॉट उष्णता ओढली आणि चकतीला १०० वॉट वीज लागली. मग गरम बाजूने १६० वॉट बाहेर टाकलेच पाहिजेत! तेथे पंखा नसेल, तर गार बाजूही तापू लागेल. बाहेरची हवाच ४२ अंश असेल, तर काम आणखी अवघड.

आता सांगा, बंद खोलीत हे यंत्र चालवले तर खोली गार होईल की गरम?