वॉनलीचे चित्र पाहताना

जुन्या कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसांची चित्रे मी आवर्जून पाहतो. त्यांत सर्वांत आवडते हंफ्री वॉनलीचे. टॉमस हिलने ते १७११ साली रंगवले. आज ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आहे. वॉनलीने दोन मित्रांसह १७०७ साली स्ट्रँडवरच्या एका मद्यगृहात ज्या बैठका सुरू केल्या, त्यांतूनच ही संस्था उभी राहिली. या चित्राने मला काय शिकवले ते सांगतो.

१. आधी हात पाहावेत. सरदारांच्या चित्रांत हात तलवारीवर असतात. वॉनलीच्या हातात उघडे पुस्तक आहे आणि त्यावरची ग्रीक अक्षरे आपल्याला दिसतात. अक्षराच्या वळणावरून हस्तलिखिताचा काळ ओळखणे ही त्याची विद्या. चित्रकाराने तिला चेहऱ्याइतकाच मान दिला.

२. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण चित्रकाराने लपवलेले नाहीत. ज्याने जन्मभर अस्सल कागद धुंडाळला, त्याचे चित्र असेच हवे.

३. चित्रात नसलेलेही आठवावे. इथे कापडाचे दुकान नाही. कॉव्हेंट्रीचा हा मुलगा कापडवाल्याकडे उमेदवारी करत होता आणि फावल्या वेळात जुनी हस्तलिखिते उतरवून काढत होता. त्या बळावर तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात मदतनीस झाला. पदवी त्याने कधीच घेतली नाही.

४. अशा माणसाची खरी ओळख त्याच्या सूचीत असते. वॉनलीने देशभरची अँग्लो-सॅक्सन हस्तलिखिते तपासून १७०५ साली त्यांची सूची छापली. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची छापील नोंद प्रथम तिथेच आली. नायक स्वीडनच्या राजांशी लढतो, असे त्याने लिहिले. कथा तशी नाही. पण ते काव्य अभ्यासकांच्या नजरेस आले, हे माझ्या लेखी फार मोठे आहे. पुढे १७३१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या कॉटन संग्रहातली कित्येक हस्तलिखिते गेली. ॲसरने लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्राची जुनी प्रत त्यांतच जळाली. ती इसवी सन १००० च्या सुमाराची असावी, असे वॉनलीने ती पाहून ठरवले होते. आजच्या अभ्यासकाला ती प्रत पाहताच येत नाही. तिच्या काळाबद्दल त्याला बऱ्याच अंशी वॉनलीच्या नजरेवर विसंबावे लागते. सूची करणे हे कारकुनी काम आहे असे कुणी म्हणाले की मी ही हकीकत सांगतो.

५. तारीख टाकावी. हार्ली घराण्याचा ग्रंथपाल असताना तो नव्या हस्तलिखितांवर ती संग्रहात आल्याची तारीख लिहीत असे. १७५३ साली संसदेने दहा हजार पौंडांना तो संग्रह राष्ट्रासाठी घेतला. मोडी कागदाच्या कोपऱ्यात एखाद्या कारकुनाने टाकलेली तारीख सापडली की पुढचे किती काम सोपे होते, हे मला ठाऊक आहे. हार्ली हस्तलिखितांचा माग काढणाऱ्यांना तोच आधार वॉनलीच्या हस्ताक्षरात मिळतो.