ओतीव की घडीव?

छत्तीसगडमधील भिलाईजवळ अहिवारा हे लहानसे नगर आहे. त्याच्या शेजारच्या नंदिनी येथील खाणींनी भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवली. या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भट्टीत चुनखडी खनिजातील माती-वाळूशी संयोग पावते, मळी वेगळी होते आणि लोखंड हाती येते. त्याला यंत्रभागाचा आकार देण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत : वितळवून साच्यात ओतणे, किंवा त्याचे पोलाद करून, तापवून ठोकून घडवणे. कोल्हापूरची ख्याती ओतकामासाठी आहे. पुण्यात १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज घडाईसाठी प्रसिद्ध आहे.

इंजिनातील क्रँकशाफ्ट दोन्ही प्रकारे तयार होतो. दट्ट्याची वर-खाली हालचाल चक्राकार गतीत बदलणारा हा दांडा प्रत्येक फेरीत पीळ आणि वाक सोसतो. जुने इंजिन घेणाऱ्याला तो ओतीव आहे की घडीव, हे कळायलाच हवे. घडीव समजून ओतीव दांड्यावर पोलादासारखेच वेल्डिंग केले, तर त्याला भेग जाऊ शकते. आणि चालत्या इंजिनात दांडा मोडला, तर ब्लॉकही फुटू शकतो.

नांगरासाठी सुतार मुळातच वाकलेले बाभळीचे लाकूड निवडतो, कारण त्याचे तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. घडीव पोलादात नेमके हेच घडते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली कांब दोन ठशांमध्ये दाबली जाते आणि धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात. त्या वेळी जादा धातू ठशांच्या सांध्यातून बाहेर येतो. तो छाटला, तरी त्याची खूण मागे राहते.

ही खूणच आपला मुख्य पुरावा. यंत्रावर घासून गुळगुळीत केलेले भाग सोडा. दोन जर्नलांमधला खडबडीत भाग पाहा. तेथे बोटभर रुंद, छाटल्याचा पट्टा दिसला, तर दांडा घडीव. साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याची एक-दोन मिलिमीटरची बारीक रेघ दिसली, तर तो ओतीव.

आणखी दोन चाचण्या आहेत. दांडा दोरीने टांगून हातोडीने हलकेच ठोकावा. पोलाद घंटेसारखे घुमते, ओतीव लोखंडाचा आवाज बोदा असतो. मात्र काही ओतीव दांडेही बऱ्यापैकी घुमतात, म्हणून केवळ कानावर विसंबू नये. ग्राइंडरवर पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर पांढऱ्या उडतात, ओतीव लोखंडाच्या आखूड व तांबूस. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि जर्नलला ग्राइंडर मुळीच लावू नये. लोहचुंबक येथे निरुपयोगी, कारण तो दोघांनाही चिकटतो!

ओतीव म्हणजे हलका माल, ही समजूत मात्र चुकीची आहे. साध्या ओतीव लोखंडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि भेग त्यांच्या कडेने पसरते. १९४८ साली जाहीर झालेल्या पद्धतीत थोडे मॅग्नेशियम मिसळले, की पापुद्र्यांच्या जागी गोळ्या बनतात आणि लोखंड चिवट होते. कित्येक मोटारींमध्ये असेच दांडे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. अतिभार वाहणाऱ्या डिझेल इंजिनासाठी मात्र घडीव दांडाच पसंत करावा.

पाठावरील प्रश्न
१. खूण शोधताना जर्नलचा पृष्ठभाग का पाहत नाहीत?
२. ‘ओतणे’पासून ‘ओतीव’, ‘घडणे’पासून ‘घडीव’. ‘कोरणे’ व ‘रेखणे’ यांपासून अशीच विशेषणे तयार करून वाक्यांत उपयोग करा.