सुविचाराखालचे नाव

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेच्या ओसरीत किंवा वर्गाच्या दाराशी एक लहानसा काळा फळा असेल. रोज सकाळी परिपाठापूर्वी कोणीतरी त्यावर सुवाच्य अक्षरात एक वाक्य लिहितो, उजवीकडे त्याखाली एखाद्या थोर व्यक्तीचे नाव लिहितो, आणि हातांवरील खडूची भुकटी झटकून वर्गात जाऊन बसतो. परिपाठात ते वाक्य मोठ्याने वाचले जाते. दुसऱ्या दिवशी ते पुसून तेथे नवे वाक्य येते. मी पुष्कळ वर्षे शिक्षक होतो, पुढे मुख्याध्यापकही झालो. असे हजारो सुविचार लिहिले गेलेले आणि पुसले गेलेले मी पाहिले आहेत. त्यांतील किती कोणाच्या लक्षात राहिले असतील, हे सांगणे कठीण आहे. एक सुविचार मात्र मला आजही आठवतो. कारण तो मीच लिहिला होता, आणि तो खोटा होता.

ही गोष्ट १९७१ सालची. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या शाळेत सुविचार लिहिण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने येत असे. माझी पाळी आली त्या दिवशी मी उशिरा उठलो, कसाबसा तोंड धुऊन धावत शाळेत पोहोचलो, आणि फळ्यासमोर उभा राहिल्यावर मला आठवले की सुविचार शोधावयाचा राहूनच गेला आहे. घंटा होण्यास दोनच मिनिटे होती. मी खडू उचलला आणि लिहून टाकले : 'जो सूर्याच्या आधी उठतो, त्याच्याच हाती यश येते.' वाक्य मला बरे वाटले. पण त्याखाली नाव कोणाचे लिहावे? क्षणभर विचार करून मी लिहिले, 'लोकमान्य टिळक'.

परिपाठात सुविचार वाचला गेला. मुलांनी माना डोलावल्या. मला हायसे वाटले. परंतु मराठी शिकविणारे आमचे गुरुजी फळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले, आणि तास सुरू झाल्यावर त्यांनी मला उभे केले.

"लोकमान्यांचे हे वाक्य मी कधी वाचले नव्हते," ते म्हणाले. "कोठे म्हणाले ते?"

"केसरीत, गुरुजी," मी धिटाईने सांगितले.

"कोणत्या अंकात?"

मी गप्प राहिलो. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी ग्रंथालयाच्या कपाटातून लोकमान्यांचे एक जाडजूड चरित्र काढून माझ्या हाती दिले आणि म्हटले, "आठ दिवस घे. हे वाक्य सापडले की मला पान दाखव."

मी ते चरित्र वाचावयास घेतले. पहिले दोन दिवस मी केवळ माझे वाक्य शोधीत होतो. म्हणजे जे कोठेही नाही, ते शोधीत होतो! तिसऱ्या दिवशी मी १९०८ सालच्या खटल्यापाशी पोहोचलो, आणि शोधण्याचे विसरून वाचू लागलो.

त्या वर्षी 'केसरी'त लिहिलेल्या लेखांवरून सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. २४ जूनला त्यांना अटक झाली व १३ जुलैला मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली. त्यांचे भाषण अनेक दिवस चालले. सगळे मिळून ते एकवीस तासांहून अधिक बोलले. ज्युरीत नऊ जण होते, त्यांपैकी सात युरोपियन. २२ जुलैच्या रात्री, नऊ वाजून गेल्यावर, ज्युरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरविले. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती, आणि मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते.

शिक्षा सांगण्यापूर्वी आरोपीस काही सांगावयाचे आहे काय, असे विचारण्याची न्यायालयाची रीत असते. टिळक उभे राहिले. ते इंग्रजीत अगदी थोडे बोलले. त्याचा आशय असा, की ज्युरीने काहीही ठरविले असले तरी मी निर्दोष आहे. मनुष्यांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य चालविणाऱ्या याहून श्रेष्ठ शक्ती आहेत. आणि मी जे कार्य हाती घेतले आहे, त्याचा उत्कर्ष मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या क्लेशांनीच अधिक व्हावा, अशी कदाचित परमेश्वराची इच्छा असेल.

मुलांनो, येथे जरा थांबा. हे शब्द उच्चारले गेले तेव्हा शिक्षा किती, हे अजून सांगितलेले नव्हते. एखाद्याला ती सौम्य व्हावी म्हणून चार नरम शब्द बोलण्याचा मोह झाला असता. टिळकांनी तसे केले नाही. त्यांच्या शेवटच्या वाक्यात 'कदाचित' हा शब्दही आहे, तोही मला फार मोलाचा वाटतो. आपल्या क्लेशांनी कार्य वाढेलच, अशी खात्री त्यांना कोणी दिली नव्हती. खात्री नसतानाही ते क्लेश सोसावयास सिद्ध होते. सुविचाराच्या फळ्यावर अशी वाक्ये उतरतात तेव्हा हा 'कदाचित' बहुधा वाटेतच गळून पडतो, आणि वाक्य आहे त्याहून सोपे होऊन बसते.

न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले; शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस! पुढे काळ्या पाण्याऐवजी साधी कैद झाली व टिळकांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे लाकडी गजांच्या कोठडीत त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' हा ग्रंथ सुमारे पाच महिन्यांत लिहून काढला. त्याच तुरुंगात असताना, १९१२ साली, त्यांची पत्नी सत्यभामाबाई इकडे वारली. तिची अखेरची भेट त्यांना घडली नाही. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून पुण्यास आले. न्यायालयात उच्चारलेल्या त्या थोड्याशा शब्दांची किंमत ते सहा वर्षे अशी चुकती करीत होते.

त्या चरित्राच्या पानांत मी इतका गुंतलो की आठ दिवस कधी संपले ते कळले नाही. नवव्या दिवशी गुरुजींपुढे उभा राहून मी खरे काय ते सांगितले. त्यानंतर काय झाले, ते मी शेवटी सांगेन. मध्यंतरी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या मला मोठेपणी कळल्या.

पुष्कळ वर्षांनी काही कामानिमित्त मी मुंबईस गेलो असता उच्च न्यायालयाची ती दगडी इमारत पाहण्यास गेलो. ज्या दालनात हा खटला चालला, त्याच्या बाहेर एक संगमरवरी शिला बसविलेली आहे. टिळकांचे तेच शब्द तिच्यावर कोरलेले आहेत. लोकमान्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. ज्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, त्याच न्यायालयाच्या भिंतीवर त्यांचे उत्तर आज वाचावयास मिळते. मी तेथे बराच वेळ उभा होतो. सहावीतल्या माझ्या त्या वाक्याची आठवण होऊन मला थोडे हसू आले, आणि थोडी लाजही वाटली.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे 'शिका'. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हा उपदेश तुम्ही भिंतींवर, फलकांवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर वाचला असेल. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली होती. तेथे इंग्रजीत केलेल्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी आपल्या बांधवांना तीन गोष्टी करावयास सांगितल्या. त्यांचा क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' असा होता. म्हणजे शिका, चेतून उठा, संघटित व्हा. आपल्याकडे पुष्कळदा मधला आणि शेवटचा शब्द यांची अदलाबदल झालेली दिसते. मला विचाराल तर मूळचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शिकलेल्या माणसाचे मन अन्यायाने अस्वस्थ झाल्यावाचून नुसती माणसे गोळा करून फारसे काही साधत नाही. पण क्रम कोणताही घ्या, 'शिका' हा शब्द पहिला आहे.

तो पहिला का आहे, हे कळण्यास नागपूरहून साताऱ्यास आणि १९४२ सालाहून सुमारे चाळीस वर्षे मागे गेले पाहिजे. तेथल्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा शिकत होता. तो अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मला, म्हणून त्याने इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावयाचे. वर्ग झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून भीमराव तो तुकडा रोज संध्याकाळी घरी नेई आणि सकाळी परत आणी. तहान लागली तर इतर मुले नळाशी जाऊन पाणी पीत. भीमरावाला नळाला हात लावण्याची मनाई होती. शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळे. शिपाई नसला, तर त्याने तहान घरी नेली पाहिजे!

तुम्ही दप्तर उचलून शाळेत जाता. हा मुलगा दप्तराबरोबर आपली बसण्याची जागाही उचलून नेत होता. अशा शाळेत पुन्हा पाऊल ठेवू नये, असे त्याला वाटले असते तर त्यात नवल नव्हते. पण तो शिकत राहिला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला शिकला, आणि १९२३ साली लंडनची 'डॉक्टर ऑफ सायन्स' ही पदवी त्याने संपादन केली. दादरला त्याने 'राजगृह' हे घर बांधले, ते आपल्या ग्रंथांना पुरेशी जागा व्हावी हे ध्यानी घेऊन. अशा माणसाने 'शिका' म्हणून सांगितले, तर त्या दोन अक्षरांमागे तो गोणपाटाचा तुकडा आणि ती तहान उभी असते. हाच शब्द एखाद्या पोटभर जेवून सुखात निजणाऱ्याने उच्चारला, तर तो खोटा ठरत नाही. पण हलका मात्र लागतो.

माझ्याप्रमाणे थोरांच्या नावावर आपली वाक्ये खपविणारे लोक जगात पुष्कळ आहेत, हेही मला हळूहळू कळले. जगात जो बदल व्हावा असे वाटते, तो आधी स्वतःच व्हा, हे वाक्य महात्मा गांधींचे म्हणून सर्वत्र सांगितले जाते. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत. त्यांत हे वाक्य या शब्दांत मिळत नाही. त्याच्या जवळपासचा विचार मात्र मिळतो. आपण स्वतः बदललो तर जगाची आपल्याकडे पाहण्याची वृत्तीही बदलेल, इतर काय करतात याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, असे त्यांनी १९१३ साली लिहिले आहे. आणि कोठे, म्हणाल? दक्षिण आफ्रिकेत ते चालवीत असलेल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रातील, सर्पदंशावरील एका लेखात! मला तर ते फळ्यावरच्या वाक्याहून हे अधिक आवडते. सापाविषयी लिहिता लिहिता ज्याला मनुष्याच्या स्वभावाविषयी बोलावेसे वाटते, तो माणूस कसा असेल, याची थोडी कल्पना त्यावरून येते. तयार वाक्यावरून ती येत नाही.

आता राहिलेली गोष्ट. मी सर्व कबूल केल्यावर गुरुजींनी पुस्तक परत घेतले, त्यावरची धूळ उगाचच पुसली आणि विचारले, "तुझे ते वाक्य वाईट आहे काय?"

"नाही, गुरुजी."

"मलाही ते बरे वाटले. मग लोकमान्यांचे नाव कशाला? उद्या तेच वाक्य पुन्हा लिही आणि त्याखाली स्वतःचे नाव लिही."

एवढ्याने सुटका झाली म्हणून मला प्रथम आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभा राहिलो तेव्हा हात चालेना. सूर्याच्या आधी उठण्याचा उपदेश, आणि खाली माझे नाव! गल्लीतील प्रत्येकाला माझ्या झोपेचा लौकिक ठाऊक होता. मी वाक्य लिहिले, नाव लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. ते इतक्या बारीक अक्षरात लिहिले की मागच्या रांगेतून दिसू नये. परंतु परिपाठात गुरुजींनी ते स्वतः खणखणीत आवाजात वाचले. सारी शाळा हसली.

त्यानंतरच्या पहाटे, अजून अंधार असताना, आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर माझे तीन वर्गमित्र कंदील घेऊन उभे होते. मी उठलो आहे की नाही, हे ते पाहावयास आले होते. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. आईने ते दूर केले आणि म्हणाली, "ऊठ बाबा, फळ्यावर नाव तुझेच आहे ना?"