आधी भरतकाम, मग कापणी : मखमली जाकिटाचा धडा

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या दरबारी पोशाखाची छाप नांदेड-लातूरकडील लग्नांत आजही दिसते. नवरदेवासाठी जरीकामाचे मखमली जाकीट मागणारे गिऱ्हाईक येतेच. पण दुकानदाराची अडचण ठरलेली असते. माल भारी, मापे अनेक आणि हंगाम थोडा. चार रंग आणि पाच मापे ठेवायची म्हटली तर वीस नगांत भांडवल अडकते. सीझन संपला की उरलेले नग कपाटात.

या अडचणीवर जुन्या कारागिरांनी तोड काढलेली होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेशमी मखमलीच्या जाकिटांचा मोठा व्यापार होता. तेथे जाकीट शिवून विकण्याऐवजी अखंड कापडावर पुढच्या दोन पल्ल्यांचा आकार आखून काठ, गळा, खिशाच्या पट्ट्या, एवढेच काय, बटणांवर चढवायच्या गोल चकत्याही भरत. ते न कापलेले कापड गिऱ्हाईक विकत घेई आणि त्याचा शिंपी मापाप्रमाणे कापून शिवी. पाठ साध्या कापडाची असे, कारण ती कोटाखाली झाकली जाई.

आपल्या कारचोबी कारागिराला ही रीत परकी नाही. तोही कापड लाकडी कारचोबावर ताणून, खाक्याने नक्षी उतरवून आधी काम भरतो. सलमा, कटदाणा वरच्या बाजूस ठेवून दोऱ्याने टाचला जातो. त्यामुळे महाग माल अस्तराकडे वाया जात नाही.

मग आपण काय करावे?

१. पल्ला सर्वांत मोठ्या मापाचा आखावा. भरतकाम पुढचा काठ, गळा, खिसा आणि खालची कड एवढ्यावरच ठेवावे. खांदा व बगल मोकळी सोडून भरपूर माया ठेवावी. लांबी खांद्यावरून आणि घेर बगलेतून जुळवता येतो.

२. दोन्ही पल्ल्यांवर मखमलीची लव एकाच दिशेने असावी, नाहीतर एकाच थानाचे दोन रंग दिसतात.

३. शिलाईच्या रेघेवर सलमा किंवा टिकली नको. मशीनची सुई मोडते.

४. इस्त्री उजव्या बाजूने करू नये. लव दबते. उलट्या बाजूने वाफ द्यावी.

५. जर कोणती हे बिलावर लिहावे. खऱ्या जरीत चांदीची तार व सोन्याचा मुलामा असतो, नकली जरीत तांब्याची तार असते, तर स्वस्त जर प्लास्टिकची येते. भाव तिन्हींचा वेगळा, म्हणून शब्दही वेगळा हवा.

कापडाबद्दलही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. मुस्लिम पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य मानले जाते. म्हणूनच अंगाकडे सूत आणि वर रेशीम असलेले कापड मशरू, म्हणजे शरियतला मान्य, या नावाने चालले. ज्याला रेशीम नको त्याच्यासाठी सुती मखमलीचे पल्ले ठेवावेत. काम तेच राहते.

या रीतीने वीस शिवलेल्या नगांऐवजी चार रंगांच्या दोन-दोन जोड्या, म्हणजे आठ जोड्यांवर दुकान चालू शकते. कारागिराला पावसाळ्यातही काम मिळते आणि शिंप्याची शिलाई गावातच राहते. माल आणायला हैदराबादला जाणाऱ्यांनी सालारजंग संग्रहालयातील जुनी कापडे एकदा पाहावीत. नक्षी कुठे भरली आणि कुठे मोकळी सोडली, हे डोळ्यांनी पाहिले की हिशेब आपोआप कळतो.