स्लॅबला पोती किती?

सिव्हिलला ॲडमिशन घेतली की दोन प्रश्न कायमचे मागे लागतात. एक, "आमच्या भिंतीला ओल का येते गं?" आणि दुसरा, "स्लॅबला पोती किती लागतील?" पहिल्याचं उत्तर आमच्याकडे नाही (निदान सबमिशन चालू असेपर्यंत तरी नाही). दुसऱ्याचं मात्र एस्टिमेटिंगच्या पुस्तकात आहे. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनी पान उलटू नये. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही, आणि घर कधी ना कधी सगळ्यांनाच बांधायचं असतं!

उदाहरण खरंच घेऊया. आमच्या मेसमधल्या एका मावशींचं गावी घर चालू आहे. कॉलम उभे राहिलेत, स्लॅब राहिलाय. मिस्त्रींनी सांगितलं, ऐंशी पोती सिमेंट आणि दोन ब्रास रेती. मावशींनी नकाशाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. "बघ गं जरा, बरोबर हाय का? भिशीचं सगळं पैसं यातच घातल्यात." म्हणजे दहा पोती इकडे की तिकडे, हा काही दोन मार्कांचा प्रश्न नव्हता.

आधी शब्दांचं बघू, कारण पुस्तक इंग्रजीत आणि साइट मराठीत. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीची तिथे चांगलीच दांडी उडते. ॲग्रिगेटला खडी, शटरिंगला सेंटरिंग, आणि खडी-रेती मोजायच्या चौकोनी डब्याला फर्मा. ब्रास म्हणजे पितळ नव्हे, १०० घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. आणि साइटवर कोणी "स्लॅब पडला" म्हणालं तर घाबरू नका, ती पेढे वाटण्याची बातमी असते.

आता नकाशा. घर बाहेरून बाहेर ३० फूट बाय २० फूट. स्लॅब चारही बाजूंनी १ फूट बाहेर काढलेला, जाडी ५ इंच. म्हणजे स्लॅबचं माप ३२ गुणिले २२, बरोबर ७०४ चौरस फूट. त्याला पाच भागिले बारा फुटांनी गुणलं की २९३.३ घनफूट. इथपर्यंत पाचवीचं गणित.

खरी गंमत बीममध्ये आहे. बीम ९ इंच रुंद, एकूण खोली १५ इंच. तीन लांब, तीन आडवे. घाईत कोणीही करेल ते असं: तीन तिसे नव्वद, तीन विसे साठ, एकूण १५० फूट, आणि खोली १५ इंच. उत्तर येतं १४०.६ घनफूट. पण बीमचे वरचे ५ इंच हे स्लॅबच्याच पोटात आहेत आणि ते आपण आधीच मोजलेत. म्हणजे उरले खालचे १० इंच. शिवाय जिथे दोन बीम एकमेकांना छेदतात तो चौकोन एकदाच मोजायचा. म्हणून लांब बीम पूर्ण ९० फूट धरायचे, आणि आडव्या बीममधून लांब बीमच्या तीन रुंद्या वजा करायच्या: २० वजा सव्वादोन, म्हणजे पावणेअठरा फूट. असे तीन. एकूण लांबी १४३.२५ फूट, आकारमान ८९.५ घनफूट. दोन उत्तरांत ५१ घनफुटांचा फरक पडला, म्हणजे जवळजवळ बारा पोती सिमेंट, फक्त एकच काँक्रीट दोनदा मोजल्यामुळे!

कॉलम आधीच बीमच्या तळापर्यंत भरलेले असतात, ते आजच्या हिशेबात नाहीत. सळईचं आकारमान वजा करायचं नाही, आणि पाइपसाठी ठेवलेली ०.१ चौरस मीटरपर्यंतची भोकंही नाहीत. मोजमापाचं आयएस १२०० तसंच सांगतं. एकूण झालं ३८३ घनफूट. सांडणं, चिकटणं यासाठी ३ टक्के वाढवले की ३९४, म्हणजे साधारण ११.२ घनमीटर.

हे झालं ओलं, भरलेलं काँक्रीट. दुकानातून मात्र आपण कोरडा माल आणतो. मेसच्या पेल्यात काठोकाठ शेंगदाणे भरा आणि वरून रवा ओता. बराच रवा आत मावतो, कारण तो फटींमध्ये जातो. खडीच्या फटीत रेती, रेतीच्या फटीत सिमेंट, तसंच. त्यामुळे एक घनमीटर काँक्रीटला कोरडा माल जास्त लागतो, आणि त्यासाठी आपल्याकडे १.५४ ने गुणायचा रिवाज आहे. एखाद्या पुस्तकात १.५२ दिसेल, एखाद्यात १.५७. व्हायव्हाला त्यावरून भांडू नये.

आरसीसीसाठी आयएस ४५६ प्रमाणे कमीत कमी एम २० ग्रेड हवी. त्याचं नेहमीचं प्रमाण १ : १.५ : ३, एकूण साडेपाच भाग. ११.२ गुणिले १.५४ म्हणजे १७.२५ घनमीटर कोरडा माल. त्याला साडेपाचने भागलं की सिमेंट ३.१४ घनमीटर. एका घनमीटरला १४४० किलो धरले तर सुमारे ४५१५ किलो, म्हणजे ५० किलोची ९० पोती. रेती दीडपट, ४.७ घनमीटर, म्हणजे १.६६ ब्रास. खडी तिप्पट, ९.४ घनमीटर, म्हणजे ३.३ ब्रास. तोंडी लक्षात ठेवायचं तर एम २० च्या एका घनमीटरला आठ पोती.

मग मिस्त्रींची ऐंशी कुठून आली? मी उलटा हिशेब करून पाहिला. ३० बाय २० धरलं, तर ऐंशीच येतात. म्हणजे त्यांनी बाहेर काढलेला एक फूट धरलाच नव्हता. तो एक फूट चारी बाजूंनी मिळून १०४ चौरस फूट होतो आणि दहा पोती खातो.

दहा पोती कमी पडली तर दुकानातून आणता येतील, असं वाटेल. पण स्लॅबच्या दिवशी मिक्सर भाड्याचा, माणसं रोजंदारीवर, आणि संध्याकाळी सहाला दुकान लांब. मधेच थांबलं तर तिथे जोड पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी येतं. (म्हणजे पहिल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर सापडलं की!) त्याहून वाईट म्हणजे न थांबणं. समजा, सत्तर पोती नीट वापरली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं. अजून अडीच घनमीटर बाकी आणि पोती दहाच. मग खडी-रेती वाढते, पाणी वाढतं, आणि काम "भागवून" नेलं जातं. घनमीटरला चार पोती, म्हणजे २०० किलो. आयएस ४५६ मध्ये आरसीसीसाठी अगदी सौम्य हवामानातसुद्धा किमान ३०० किलो सांगितलंय. बाहेरून दोन्ही काँक्रीट सारखंच करडं दिसतं. माझ्या मते एस्टिमेट हा विषय पैशांचा म्हणून शिकवतात ते अर्धंच खरं आहे.

रेतीच्या बाबतीत मात्र मिस्त्री पुस्तकाच्या पुढे होते. माझं उत्तर १.६६ आणि त्यांचं दोन. कारण माझी रेती कागदावर कोरडी होती आणि त्यांची ट्रॉलीतून ओली येणार होती. ओलसर रेती फुगते, कणांभोवतीचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. हे लॅबशिवायही मोजता येतं. मेजरिंग जारमध्ये २०० च्या खुणेपर्यंत ओली रेती घ्या, ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घाला, ढवळा, बसू द्या. पातळी १६० वर आली, तर २०० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा. १.६६ च्या सव्वापट २.०८. मिस्त्रींचे दोन ब्रास! क्रश सँड असली तरी चाचणी हीच. फर्म्यातही तेवढी रेती जास्त घालायची, नाहीतर प्रत्येक घाण्यात रेती कमीच जाते. पाणीही जपून. ०.५५ प्रमाण धरलं तर पोत्यामागे साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात रेतीने सोबत आणलेलं पाणीसुद्धा आलं.

एवढं करूनही अर्धा इंच उरतोच. सेंटरिंगची प्लेट खाली बसली आणि स्लॅब ५ ऐवजी साडेपाच इंच झाला, तर २९ घनफूट वाढतात, म्हणजे जवळजवळ सात पोती. यावर पुस्तकात उपाय नाही. साइटवर आहे: ओल्या काँक्रीटमध्ये खूण केलेली सळई खुपसून जाडी बघत राहायची, आणि रिकामी पोती मोजायची. मावशींचा भाचा दिवसभर मिक्सरजवळ खडू घेऊन बसला होता. निम्मा स्लॅब झाला तेव्हा सेहेचाळीस रेघा होत्या, शेवटी त्र्याण्णव. वरची तीन कुठे गेली तेही कळलं, एका कोपऱ्यात जाडी सहा इंचांच्या आसपास भरली होती.

आता जिन्याचा कागद आलाय. तिथे तिरक्या स्लॅबची जाडी उभी मोजायची नाही, उताराला काटकोनात मोजायची. पायरी १० इंच रुंद, ७ इंच उंच, जिना ३ फूट रुंद, स्लॅब ५ इंच जाड. एका पायरीमागे तिरकी लांबी पायथागोरसने १२.२ इंच, म्हणून स्लॅबचं १.२७ घनफूट आणि पायरीच्या त्रिकोणाचं ०.७३. बेरीज बरोबर दोन. सोळा पायऱ्या, बत्तीस घनफूट, सव्वासात पोती. मावशींना आठ मागवायला सांगितलीत. लँडिंग वेगळं.