जपानी वाक्याचा काळ मराठीतून ओळखा



कळंबसारख्या गावातलं मूल जपानी शिकायचं म्हणालं, की आपण पटकन म्हणतो, "आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे." पण जपानी वाक्य समजून घ्यायला मराठीच जास्त कामी येते. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि काळाचं वळणही पुष्कळदा जुळतं. कसं ते पाहा.

१) 'मास' : 'माइनिची इकिमास' म्हणजे 'रोज जातो', तर 'आशिता इकिमास' म्हणजे 'उद्या जाणार'. रूप एकच! जपानीत भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. म्हणून मुलांना आधी वेळ सांगणारा शब्द शोधायला लावा. आपणही 'उद्या येतो' म्हणतोच की.

२) 'ते इमास' : 'ताबेते इमास' म्हणजे 'खात आहे'. पण 'किते इमास' म्हणजे 'आला आहे'. 'येत आहे' नव्हे. 'केक्कोन शिते इमास' म्हणजे 'लग्न झालेलं आहे'. येणं, जाणं, लग्न होणं अशा क्रियांत बदल होऊन गेलेला असतो, आता उरलेली असते ती स्थिती.

३) 'ता' : हे भूतकाळाचं रूप. तरी 'ओनाका गा सुइता' म्हणजे 'भूक लागली' आणि 'त्सुकारेता' म्हणजे 'दमलो', हे आत्ताचंच बोलणं आहे. इंग्रजीत इथे वर्तमानकाळ येतो आणि मूल गोंधळतं. लांबून एसटी दिसली की आपण 'आली, आली!' म्हणतो. जपानी माणूसही 'बासु गा किता!' म्हणतो.

४) रोजचे शब्दप्रयोग : घरातून निघताना जपानी मूल 'इत्तेकिमास' म्हणतं. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. आपलं 'जाऊन येतो'च ते!

मात्र सगळंच जुळत नाही. कुणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो; जपानीत 'इमा इकिमास', म्हणजे शब्दशः 'आत्ता जातो'. जेवणाआधीच्या 'इतादाकिमास'चा शब्दशः अर्थ 'नम्रपणे घेतो'. अशा वेळी शब्दाला शब्द न लावता प्रसंग समजावून सांगा.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या ५ पातळ्या आहेत. एन५ ही सर्वांत सोपी, आणि ही परीक्षा पुण्यातही होते. तयारीसाठी रोज ५ वाक्यं घ्या. आधी शब्दशः अर्थ लिहून घ्या, मग विचारा, "हेच आपण घरी कसं म्हणू?" मूल जे उत्तर देईल, तेच बहुतेक वेळा चांगलं भाषांतर असतं.